निसर्गाच्या ध्वनिनोंदी : ‘आधी’चा आवाज कुठून आणायचा?

सातारा जिल्ह्यात ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागते. २०१८ साली इथल्या एका अभ्यासाची बरीच चर्चा झाली. पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी आणि म्हणून सरडे जास्त, असं त्यात दिसलं. पण तुलना होती ती पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची, आधीची आणि नंतरची नव्हे. एकाच जागेचे आवाज वर्षानुवर्षं टिपायचे ते बदलाआधी ती जागा कशी होती हे कळावं म्हणून, या ‘आधी’साठीच.

सुरुवातीला असला हेतू कुणाचाच नव्हता. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख या शाळकरी पोराने पाळलेल्या शामा पक्ष्याचं गाणं एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर उतरवलं. पक्ष्याचं हे सर्वात जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी रानातले पक्षी रेकॉर्ड केले. लक्ष मात्र एकेका गायकावर. मागचा कल्ला म्हणजे अडथळा. तो कल्लाच ऐकायचा, हे कॅनडात संगीतकार मरी शेफर यांच्या गटाने १९७० च्या आसपास मनावर घेतलं.

खरे डोळे, म्हणजे कान, उघडले ते निसर्गाचे आवाज टिपणारे अमेरिकी ध्वनिमुद्रक बर्नी क्रॉस यांच्यामुळे. कॅलिफोर्नियातल्या लिंकन मेडोमध्ये निवडक वृक्षतोड होणार होती. जंगलाला धक्का लागणार नाही, असं तोडणारे सांगत होते. क्रॉस यांनी १९८८ मध्ये, तोडीआधी, पहाटेचे आवाज घेतले. वर्षभराने त्याच जागी, त्याच सुमारास पुन्हा घेतले. फोटोत फरक दिसेना. टेपवर मात्र ओढ्याची खळखळ आणि सुतारपक्ष्याची टकटक, बाकी पक्षी जवळपास गायब.

क्रॉस यांना जागेवर जाऊन थांबावं लागे. आता मुठीत मावणारा रेकॉर्डर झाडाला बांधला की तो ठरल्या वेळी आपोआप सुरू होतो, बंद होतो. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून आपोआप चालणारे ३६० रेकॉर्डर देशभर लावले गेले. तासन् तास ऐकत बसायलाही नको. संगणक अख्खा दिवस रंगीत पट्टीसारखा मांडतो. वर उंच पट्टीतले किडे, मध्ये पक्षी, तळाशी वारा नि इंजिनं.

कास-कोयनेच्या पट्ट्यात या पट्टीचा वैरी पाऊस. पानांवर सर कोसळू लागली की तिच्या आवाजाने सगळी पट्टी पांढरी, आणि झुडपी बेडकांची ओरडायची वेळही नेमकी तीच. हे बेडूक दिसतात कमी, ऐकू जास्त येतात. सातारा जिल्ह्यातल्या अशाच एका बेडकाची, राऑर्चेस्टेस घाटेईची, विज्ञानात नोंद झाली ती थेट २०१३ मध्ये. त्यामुळे इथे रेकॉर्डर लावायचा तर दोन सरींमधली उघडीप पकडण्यासाठी रात्रभर थोड्या थोड्या वेळाने चालू ठेवणं, हाच व्यवहारी मार्ग आहे.