पॅनलवरचा अभ्रा

पाचवीच्या वर्गात शिरलो तेव्हा भिंतीवर टचस्क्रीन पॅनल आहे हे अंदाजानेच ओळखावं लागलं, कारण त्यावर फुलाफुलांच्या कापडाचा अभ्रा चढवलेला होता. शेजारच्या फळ्यावर बाई खडूने अपूर्णांक शिकवत होत्या. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी पॅनल वापरण्याचं आमचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं होतं आणि शेवटच्या चाचणीत २० पैकी १८ मिळवले होते. ते प्रशिक्षण तयार करणाऱ्यांत मी एक होतो, म्हणून तर बघायला गेलो होतो.

"अभ्रा कशाला, बाई?"

"धूळ बसते ना सर. आणि पोरांनी काही बिघडवलं तर भरून कोण देणार?" मग जरा हसून म्हणाल्या, "तुमचे व्हिडिओ चांगले होते हं. भाजी निवडता निवडता बघितले. दुप्पट वेगाने लावून."

रागवायला मला तोंड नव्हतं. आमचा पहिलाच व्हिडिओ ४० मिनिटांचा होता आणि त्यातली पहिली ९ मिनिटं मान्यवरांच्या मनोगतात गेली होती.

पण त्या १८ गुणांत खोटं काही नव्हतं. व्हिडिओ संपल्या संपल्या विचारलं तर उत्तरं येतातच. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा छान प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग कागद मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ५६. डोक्यातून ओढून काढण्याच्या खटपटीनेच आठवण पक्की होते. आम्ही मात्र चाचणी नेमकी त्या पाचव्या मिनिटाला ठेवली होती आणि आकडे बघून खूश झालो होतो.

व्हिडिओ किती मोठा असावा, यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असतं: सहा मिनिटं. हा आकडा येतो २०१४ सालच्या एका अभ्यासातून. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 'एडएक्स' या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतली व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांबीचा असो, लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. पण म्हणून सहा मिनिटं हा काही मेंदूचा नियम नव्हे. कार्ल झ्पुनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१ मिनिटांचं संख्याशास्त्राचं ऑनलाइन व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांची छोटी चाचणी घेतली, त्यांचं मन भरकटलेलं सापडण्याचं प्रमाण १९ टक्के होतं. बाकीच्यांचं ४१. आयआयटी मुंबईतल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी शिक्षकांसाठी आखलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत हेच तत्त्व वापरलं आहे. तिथल्या व्हिडिओत मध्येच 'आता थांबा, स्वतः विचार करा, लिहा' असा थांबा येतो आणि त्यानंतरच गाडी पुढे जाते.

आमची दुसरी चूक तर सगळीकडेच दिसते. पडद्यावर पाच ओळी आणि आवाजातही त्याच पाच ओळी, शब्दन् शब्द. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी वीज कशी चमकते याच्या चलत्चित्रावर हे तपासलं होतं. चित्र आणि आवाज एवढंच मिळालेले विद्यार्थी सरस ठरले. वर तेच शब्द पडद्यावरही दिसणारे मागे पडले, कारण डोळे चित्राकडे बघणार की अक्षरांकडे? पण निवेदन परक्या भाषेत असेल तर खालच्या ओळींचा आधार होतो, ती गोष्ट वेगळी.

पण खरं सांगायचं तर व्हिडिओ कितीही नेटका केला असता, तरी तो अभ्रा निघाला नसता. कारण आम्ही पॅनल शिकवला होता. पेन कुठे, खोडरबर कुठे, स्क्रीनशॉट कसा घ्यायचा. बाईंना पॅनल नव्हता शिकायचा, त्यांना अपूर्णांक शिकवायचे होते.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ साली मिशिगन स्टेट विद्यापीठात असताना हाच मुद्दा एका आराखड्यात मांडला. यांतले मिश्रा आयआयटी मुंबईत शिकलेले. विषय येणं एक, शिकवता येणं दुसरं आणि यंत्र चालवता येणं तिसरं. ही तिन्ही वेगवेगळी येत असली म्हणजे वर्गात एकत्र येतातच असं नाही. कुठल्या धड्यात, कुठल्या क्षणी, पोराच्या कुठल्या गैरसमजासाठी कुठलं साधन काढायचं, हे स्वतंत्र ज्ञान आहे आणि ते साधनाच्या माहितीपुस्तिकेत नसतं.

त्या दिवशी वर्गात बघितलेलंच घ्या. फळ्यावर १/३ आणि १/४. मोठा कोणता? निम्म्याहून जास्त हात १/४ च्या बाजूने वर गेले. का, तर चार तीनापेक्षा मोठे. बाईंनी भाकरीचे तुकडे काढून दाखवले, पण खडूने वर्तुळाचे तीन सारखे भाग करणं सोपं नसतं. त्यांचा एक तुकडा ऐसपैस झाला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तो तर अर्धा झाला!"

आता 'जिओजेब्रा' घ्या. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. त्यात वर्तुळ आणि खाली सरकपट्टी. पट्टी २ वरून ३ वर, ४ वर, १० वर सरकवली की भाग तंतोतंत सारखे पडतात आणि रंगवलेला तुकडा डोळ्यांदेखत बारीक होत जातो. बटण कुठलं ते दोन मिनिटांत सांगून होतं. सांगण्यासारखी गोष्ट पुढेच आहे: पट्टी सरकवण्याआधी थांबायचं. "आता पाचावर नेते. तुकडा मोठा होईल की लहान? हात वर करा." अंदाज बोलून दाखवला की पोराचं त्यात काहीतरी अडकतं, आणि मग तुकडा बारीक झाला की ते दचकतं. न थांबता पट्टी सरकवली तर ती नुसती गंमत होते. प्रशिक्षणाचा सगळा वेळ या एका थांब्यावर खर्च करायला हवा होता, आणि आमच्या ४० मिनिटांत तो नव्हताच.

बरं, एवढंही व्हिडिओत दाखवलं, तरी ते वर्गात उतरतं का? दक्षिण आफ्रिकेत म्पुमलांगा प्रांतातल्या १८० शाळांत जेकोबस सिलियर्स आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षं हे पडताळून पाहिलं. विषय होता प्राथमिक वर्गांतलं इंग्रजी. काही शाळांत मार्गदर्शक स्वतः वर्गात येऊन बसत, काही शाळांतल्या शिक्षकांना टॅब्लेट आणि फोनवरून मार्गदर्शन मिळे. प्रत्यक्ष मार्गदर्शनाने मुलांचं बोलणंही सुधारलं आणि वाचनही. फोनवरच्या मार्गदर्शनाचा बोलण्यावर परिणाम झाला, पण बराच कमी, आणि इंग्रजी वाचन होतं तिथेच राहिलं. वर मातृभाषेतल्या लेखन-वाचनाला धक्का बसला तो वेगळाच.

आपल्याकडे संख्येचा प्रश्न आहे, हे मान्य. शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या 'निष्ठा' या सरकारी कार्यक्रमाचं लक्ष्यच सुमारे ४२ लाख शिक्षकांचं होतं, आणि कोविडमध्ये, ऑक्टोबर २०२० पासून, तो 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-संकेतस्थळावर ऑनलाइन गेला. एवढ्यांच्या वर्गात जाऊन बसणारे मार्गदर्शक आणायचे कुठून? पण केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद तर भरतेच. चार शाळांचे पाचवीचे शिक्षक तिथे समोरासमोर येतात. त्यातला अर्धा तास परिपत्रकांच्या वाचनातून सोडवून 'तुमच्या वर्गात पट्टी सरकवली तेव्हा काय झालं' याला दिला, तर ऑनलाइन प्रशिक्षणाची उरलेली बाजू तिथे भरून निघू शकते, असं माझं मत आहे. केंद्रप्रमुख तयार व्हायला हवेत, एवढंच.

दुसऱ्या खेपेला आम्ही प्रशिक्षण नव्याने बांधलं. मनोगतं गेली. पाच-सहा मिनिटांचे तुकडे, मध्ये थांबे आणि आठवड्याने फोनवर येणारे दोन प्रश्न. सुरुवातीला मात्र व्हिडिओ ठेवलाच नाही, एक काम ठेवलं: 'वर्गातला पॅनल चालू करा. फोटो नको. चालू व्हायला किती मिनिटं लागली, तेवढं लिहा.'

उत्तरं येऊ लागली. रिमोटमध्ये सेल नाहीत. सकाळच्या सत्रात लाइट नसते. कुणी नुसतं 'चार मिनिटं' लिहिलं.

त्या बाईंचं उत्तर संध्याकाळी आलं. 'अभ्रा काढला. पण एक्स्टेन्शन बोर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे आणि किल्ली घेऊन सर मीटिंगला गेलेत. उद्या लिहिते.'