जाताना गेला, येताना अडकला

मागच्या आठवड्यात कळमन्याकडून येताना एका रेल्वे पुलाखाली बंद बॉडीचा ट्रक अडकलेला दिसला. नागपूरकरांना हे काही नवीन नाही, दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही लाईनी आपल्याच गावात एकमेकींना कापतात, त्यामुळे कुठं जायचं म्हटलं की वर रेल्वे नि खाली आपण, लोहापूल तर सगळ्यांच्याच ओळखीचा. पण ड्रायव्हरचा प्रश्न डोक्यातून जाईना. "सकाळी इथूनच गेलो ना भाऊ, मग आता काऊन अडकलो?" गर्दीतला एक जण म्हणाला जागाच खराब आहे, इथं सारख्या गाड्या अडकतात, दुसऱ्यानं लिंबू-मिरची बांधायला सांगितलं.

ड्रायव्हर खरं बोलत होता. सकाळी ट्रक भरलेला होता, कळमन्यात माल उतरवला आणि आता रिकामा परत चालला होता. ट्रकचे पाटे म्हणजे स्प्रिंगच, शाळेत शिकलो तेच, वजन टाकलं की दबते, काढलं की उठते. टायरचंही तसंच. म्हणजे रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा काही सेंटीमीटर उंच असतो, आणि पुलाखाली मुळात तेवढीच जागा उरलेली असली तर सकाळी जाणारी गाडी संध्याकाळी अडकणारच.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बोर्डावर उंची लिहिलेली असते, ट्रक त्यापेक्षा थोडा ठेंगणा असतो आणि तरीही घासतो, हे कसं? तर आपल्याकडचे बरेच अंडरब्रिज रस्ता खाली खोदून केलेले, दोन्हीकडून उतार आणि मध्ये खोलगट. घरात एक कढई घ्या, तिच्यात आधी छोटी पट्टी आडवी ठेवा, मग मोठी. पट्टीची टोकं कढईला टेकतात, मधला भाग अधांतरी राहतो, आणि पट्टी जितकी लांब तितकी मधली पोकळी मोठी. ट्रकची पुढची चाकं एका उतारावर, मागची दुसऱ्या उतारावर, म्हणजे ट्रक ही पट्टीच झाली, त्याचं पोट रस्त्यापासून उचललं जातं आणि त्याबरोबर छप्परही!

किती उचललं जातं याचं साधं गणित आहे, पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्याला खोलगट भाग ज्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे त्याच्या त्रिज्येच्या 8 पटीनं भागायचं. समजा त्रिज्या 100 मीटर आहे. चाकांत साडेचार मीटर अंतर असेल तर 20.25 भागिले 800, म्हणजे साधारण अडीच सेंटीमीटर. पण लांब ट्रेलर असेल आणि टेकणाऱ्या दोन टोकांत 9 मीटर अंतर असेल तर 81 भागिले 800, दहा सेंटीमीटर. लांबी दुप्पट, उचल चौपट, कारण वर्ग आहे ना! त्यामुळे सपाट रस्त्यावर टेपनं मोजलेली उंची इथं कामाची नाही, आणि छोटी गाडी गेली म्हणून तेवढ्याच उंचीची लांब गाडी जाईल हेही खरं नाही.

वरून डांबराचं वेगळंच. प्रत्येक नव्या थरानं रस्ता चार-पाच सेंटीमीटर वर येतो, पुलाचा गर्डर, म्हणजे वरची लोखंडी तुळई, तिथंच राहतो, बोर्डावरचा आकडाही तोच. जुना थर खरवडून मग नवा टाकला तरच उंची टिकते, हे पुलाखाली तरी पाळायलाच हवं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या डरहम शहरात असाच एक रेल्वे पूल आहे, आधी तो 11 फूट 8 इंच उंचीचा होता, म्हणजे 3.56 मीटर. ट्रकची छपरं सोलून काढण्यासाठी तो जगभर माहीत आहे. पुलाच्या आधी लोखंडी बीम लावला, 2016 मध्ये उंच गाडी ओळखून लाल दिवा लावणारे सेन्सर बसवले, 2019 मध्ये पूल 8 इंच उचलला, तरी गाड्या आदळतातच. पुढच्या बीमचा उपयोग मात्र मोठा आहे, धक्का तो खातो. नाहीतर गर्डर थोडासा जरी सरकला तरी वरचे रूळ सरकतात, म्हणून तपासणी होईपर्यंत वरच्या गाड्यांचा खोळंबा. आपल्याकडचे हाइट गेज, म्हणजे पुलाच्या आधी रस्त्यावर आडवी लावलेली लोखंडी चौकट, त्यासाठीच, रेल्वे फाटकावर मात्र ते 25,000 व्होल्टच्या तारांपासून वाचवायला असतात.

म्हणून जागा खराब म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एकाच जागी परत परत तेच होतं, याचा अर्थ तिथं मोजता येण्यासारखं काहीतरी आहे. लिंबू बांधून कुणी टेप काढत नाही, आणि बोर्डावरचा आकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो.

त्या दिवशी शेवटी क्लीनर खाली उतरला आणि त्यानं एकेका टायरची हवा सोडायला सुरुवात केली. आधी काहीच होईना, सगळे बघत उभे, मग वरून कर्रकर्र आवाज आला आणि छपराचा पत्रा गर्डरपासून सुटला, दोन बोटं फट दिसली. ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकला, चपटलेल्या टायरांवर ट्रक हळूहळू मागं आला.