पेडल दाबल्यावर येणारी घरघर आणि पेडल दाबल्यावर जाणारी घरघर

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या क्लचमधून आवाज यायला लागला की मालक मेकॅनिकला आवाजाचं वर्णन ऐकवतो. घरघर, किरकिर, खडखड, शीळ. निदान चुकायला सुरुवात होते ती इथेच. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग (क्लचकडून ताकद गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या शाफ्टला आधार देणारं) बहुतेक गाड्यांत अगदी जवळजवळ असतात, झिजल्यावर जवळपास सारखेच वाजतात, आणि दोघांचा आवाज क्लचभोवतीच्या कवचाच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या धातूतून पसरत केबिनमध्ये एकाच जागेवरून आल्यासारखा भासतो. नुसत्या कानाने हा गुंता सुटत नाही. आवाज कसा आहे यापेक्षा पेडल कुठे असताना तो येतो, हे आधी पाहायला हवं.

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर, पाय पेडलपासून दूर. या वेळी फ्लायव्हील (इंजिनला जोडलेली जड चकती), प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी), क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट हे सगळं एकत्र फिरत असतं. इनपुट शाफ्टचं बेअरिंग कामावर असतं, रिलीज बेअरिंगवर जवळपास काहीच भार नसतो. पेडल पूर्ण दाबलं की चित्र उलटतं. रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्रामच्या पात्यांवर दाबलं जातं आणि इंजिनच्या वेगाने फिरू लागतं. इनपुट शाफ्ट सुटतो आणि क्षणभरात थांबतो. म्हणून पेडल दाबल्यावर सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगकडे बोट दाखवतो, आणि दाबल्यावर बंद होणारा आवाज गिअरबॉक्सच्या आत.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही दुरुस्त्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण पहिल्यात तो उघडावा लागत नाही. आवाज इनपुट बेअरिंगचा असताना नवा क्लच सेट बसवला, तर सगळं जोडून झाल्यावर तीच घरघर परत ऐकू येते आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमध्ये तर गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही, इंजिनच बाहेर काढावं लागतं. अशा गाडीत निदानावर एक अख्खी संध्याकाळ घालवली तरी ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करा. पेडल सावकाश खालीवर करा. चिरचिर किंवा कुरकुर ऐकू आली तर कोणतंही बेअरिंग दोषी नाही, कारण काहीच फिरत नाहीये. क्लच फोर्क (रिलीज बेअरिंगला ढकलणारा दांडा) ज्या गोळीवर टेकून हलतो ती कोरडी पडलेली असते, किंवा पेडलचं बुश, नाहीतर केबल. यातल्या पेडलकडच्या गोष्टींना गिअरबॉक्सला हातही न लावता वंगण देता येतं.

मग इंजिन सुरू करून पेडल अगदी हळू दाबत जा. इथे तिसरा संशयित येतो, पायलट बेअरिंग. हे फ्लायव्हील किंवा क्रँकशाफ्टच्या मध्यभागी बसलेलं असतं आणि इनपुट शाफ्टचं टोक सांभाळतं. क्लच जोडलेला असताना दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे ते गप्प असतं. क्लच सुटल्यावरच त्याला काम पडतं, म्हणून रिलीज बेअरिंगसारखंच तेही पेडल दाबल्यावर वाजतं. फरक पेडलच्या खोलीत आहे. रिलीज बेअरिंग पात्यांवर भार येताच, म्हणजे पेडलच्या वरच्या भागातच, वाजायला लागतं. पायलट बेअरिंग क्लच पूर्ण सुटेपर्यंत थांबतं, आणि पेडल दाबून पहिला गिअर टाकला, इनपुट शाफ्ट ठप्प झाला, की सर्वांत स्पष्ट ऐकू येतं.

तरीही खात्री पटत नसेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावरची एक चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते. चौथ्या गिअरमध्ये साधारण २००० आरपीएमवर एकसारख्या वेगाने जाताना पेडल पूर्ण दाबा आणि ॲक्सिलरेटरने इंजिन तिथेच, २००० वर धरून ठेवा. चाकं इनपुट शाफ्टला जवळपास त्याच वेगाने फिरवत असतात, म्हणून पायलट बेअरिंग गप्प बसतं. रिलीज बेअरिंगला मात्र ही सवलत नाही, ते वाजतच राहतं. आता इंजिन आयडलवर येऊ दिलं आणि घरघर नव्याने सुरू झाली, तर पायलट बेअरिंग धरा.

पेडल सोडलेलं असतानाचा आवाज जास्त फसवा असतो. अनेक हायड्रॉलिक क्लचमध्ये रिलीज बेअरिंग पात्यांना कायम हलकं टेकलेलं असतं. झिजलं की ते पाय नसतानाही कुजबुजतं, आणि पेडलवर नुसता बोटाइतका भार दिला की आवाज बदलतो किंवा थांबतो. इनपुट बेअरिंग इतक्या हलक्या स्पर्शाने गप्प होत नाही; त्यासाठी क्लच सुटावा लागतो. पेडल जरासं दाबताच आवाज गेला तर रिलीज बेअरिंग किंवा सैल फोर्क, खोलवर दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्स.

आणि प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे. पोर्शे ९६४ आरएसमध्ये हलकं, एकसंध फ्लायव्हील आहे. आयडलवर गिअरबॉक्स खडखडतो, पेडल दाबलं की शांत होतो, आणि ही त्या गाडीची प्रकृती आहे. गिअरची खडखड इंजिन १५०० च्या वर नेलं की बहुतेकदा विरते. बेअरिंगची घरघर उलट चढत्या पट्टीत जाते. पोर्शे ९४४ मध्ये क्लच पुढे आणि गिअरबॉक्स मागे, मधल्या नळीत लांब शाफ्ट, आणि त्या शाफ्टची बेअरिंगंही पेडल दाबल्यावर थांबतात. तिथे लांब स्क्रूड्रायव्हर किंवा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप आधी बेल हाउसिंगला, मग नळीला, मग गिअरबॉक्सला टेकवून ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

पुढे इंजिन, मागे चाकं आणि डायरेक्ट (ताकद सरळ आरपार नेणारा) चौथा गिअर असलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक खूण मिळते. पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात ती जवळजवळ नाही, तर लेशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्समधल्या समांतर शाफ्टच्या, बेअरिंगवर संशय घ्या, कारण चौथ्यात लेशाफ्टवरून ताकद जातच नाही. चौथ्यातही तितकीच घरघर असेल तर इनपुट बेअरिंग. गिअर ऑइल काढून ड्रेन प्लग पाहा. बारीक करडा लेप बहुधा नेहमीच्या झिजेचा असतो. नखाला लागणारे चकचकीत कण दिसले तर बॉक्स उघडायची तयारी ठेवा. ऑइल नुसतं कमी असेल तर आधी ते भरून पुन्हा ऐका, आणि जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलेल्या बॉक्समध्ये जीएल-५ ओतू नका; त्यातली काही ॲडिटिव्ह गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत.

गिअरबॉक्स एकदा उतरला की फक्त वाजणारं बेअरिंग बदलणं ही खोटी काटकसर आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज आणि पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील हे सगळं तेव्हाच तपासून बदलावं. पोर्शे ९११ एससीसारख्या गाडीत रबरी मध्यभागाची मूळ क्लच प्लेट अजून असेल, तर ती हमखास काढून स्प्रिंगवाली घाला. ते रबर वयाने सुटून तुकडे क्लचमध्येच अडकतात. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टस असण्याची दाट शक्यता असते. बेल हाउसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका, ओलसर करून पुसून घ्या आणि योग्य दर्जाचा मास्क लावा. सीलबंद बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. स्प्लाइनवर, म्हणजे इनपुट शाफ्टवरच्या उभ्या खाचांवर, ग्रीसचा पातळ थर पुरे. जास्त लावलेलं फिरून प्लेटवर उडतं. आणि बॉक्स परत चढवताना त्याचं वजन एका क्षणालाही इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, नाहीतर नवी प्लेट पहिल्याच दिवशी वाकते.

केबलच्या क्लचमध्ये मोकळी चाल मॅन्युअलच्या मापाने लावा. ती शून्य असेल तर नवं बेअरिंग अहोरात्र भाराखाली फिरेल. एमजीबीत बॉल बेअरिंगऐवजी कार्बनचं रिलीज बेअरिंग असतं, ते घासूनच काम करतं. तिथे सिग्नलला पेडल दाबून उभं न राहता गाडी न्यूट्रलला टाकून पाय काढून घ्यावा.