जुन्या कॅसेटमधला गाणारा कोण? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कितीतरी घरांत भजनाच्या जुन्या कॅसेटी जपून ठेवलेल्या असतात. वर फार तर 'सप्ताह' एवढंच लिहिलेलं. 1902 साली कोलकात्यात पहिल्या रेकॉर्डी झाल्या, तेव्हा गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव सांगत. सप्ताहात अभंग म्हणणारा नाव कशाला सांगेल? म्हणून कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला आलेले लोक आम्हाला विचारतात, "हा आवाज आमच्या आजोबांचाच का?"

दोघे एकाच पट्टीत गायले तरी आपण त्यांना वेगळं ओळखतो ते आवाजाच्या जातीवरून. गळा, तोंड आणि नाकाची पोकळी यांच्या घडणीमुळे सुरातले काही अंश, म्हणजे एकाच सुरात मिसळलेले कमीजास्त उंचीचे ध्वनी, उठून येतात, काही दबतात. संगणक ध्वनिमुद्रणाचे 20 ते 30 मिलिसेकंदांचे तुकडे करतो, कुठल्या अंशात किती जोर आहे ते मोजतो आणि त्यातून बनलेला ठसा ओळखीच्या आवाजाच्या ठशाशी ताडून पाहतो. गायकीवर आम्ही भर देत नाही, कारण ती उचलता येते. आपल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवत.

तेव्हा नाव पक्कं ठाऊक असलेला नमुना हवाच, आणि तोही गाण्याचा. बोलताना आणि गाताना गळा सारखा चालत नाही. आवाज फुटण्याआधीचा नमुना मोठेपणीच्या गाण्याला लागू पडत नाही. शक्यतो दोन वेगवेगळ्या प्रसंगांचे नमुने आणा. सगळे एकाच कॅसेटमधले असले तर संगणक माणसाऐवजी त्या टेपची खरखर आणि तीच पेटी लक्षात ठेवतो आणि बिनदिक्कत चुकीचं नाव सांगतो. सगळे टाळकरी मिळून ओळ उचलतात तो भाग आम्ही वगळतो. एकट्यानं म्हटलेली ओळ किंवा आलाप सर्वात उपयोगी.

आमचा जास्त वेळ जातो तो वेग दुरुस्त करण्यात. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर धावायला हवी. रेकॉर्डिंगच्या वेळी टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असतील तर ती हळू धावते, आणि आज नीट वेगानं लावली की आवाज बारीक, चढा येतो. सहा टक्क्यांच्या फरकानं पांढरी एकची काळी एक होते, म्हणजे पट्टी पेटीवरच्या लगतच्या सुरावर चढते, आवाजाची जातही बदलल्यासारखी वाटते. अशा वेळी आम्ही पेटीच्या सुरावरून मूळ वेगाचा अंदाज घेतो. ती पेटी घरात अजून असेल तर सोबत आणा, फार मदत होते.

निकालात आम्ही "जुळण्याची शक्यता दाट", "कमी" किंवा "सांगता येत नाही" असंच लिहून देतो. सख्ख्या भावांचे आवाज असतील तर बहुधा तिसरंच उत्तर मिळेल. मंडळातले कुणी जुने टाळकरी असतील तर त्यांना बरोबर घेऊन या. आधी त्यांना ऐकवू, त्यांनी सांगितलेली नावं लिहून घेऊ आणि मगच संगणक लावू.