ट्विन ब्लॉक आणि हर्ब्स्ट उपकरण

खालचा जबडा मागे राहिला की वरचे दात पुढे आलेले दिसतात. अशा मुलांचा जबडा वाढीच्या वयात पुढे धरून ठेवण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी ही दोन उपकरणे. ट्विन ब्लॉक काढता येते, हर्ब्स्ट येत नाही. निवडीतला खरा फरक इथेच आहे.

ट्विन ब्लॉक स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी 1977 मध्ये तयार केले. वरच्या आणि खालच्या प्लेटवरचे अ‍ॅक्रिलिकचे ठोकळे 70 अंशांच्या उतारावर एकमेकांना भिडतात, त्यामुळे तोंड मिटताना जबडा पुढेच सरकतो. मेणाचा बाइट (जबडा पुढे धरून घेतलेला चाव्याचा ठसा) घेताना उपदाढांमध्ये सुमारे 5 मिमी जागा ठेवतात. ठोकळे याहून बुटके झाले तर मूल सहज जबडा मागे घेते आणि उपकरण नुसते तोंडात बसून राहते. पहिले काही दिवस लाळ सुटते, बोलणे बोबडे होते. पुढचे दात जुळल्यावर दाढांमध्ये दोन्ही बाजूंना फट दिसते आणि पालक घाबरतात. ती अपेक्षितच असते. वरचा ठोकळा दर भेटीत 1–2 मिमी घासला की खालच्या दाढा वर येऊन फट भरते.

हर्ब्स्ट त्याहून बरेच जुने. एमिल हर्ब्स्ट यांनी ते 1905 मध्ये मांडले. पुढे विस्मरणात गेलेले हे उपकरण 1979 मध्ये हान्स पँखर्झ यांनी पुन्हा वापरात आणले. नळी आणि तिच्यात सरकणारा दांडा दाढांवर सिमेंटने बसवलेल्या बँडला (धातूच्या कड्याला) किंवा क्राउनला (टोपीला) जोडतात. दांडा आखूड पडला तर मोठी जांभई देताना नळीतून निसटतो, लांब राहिला तर मागे गालाला टोचतो. स्क्रू ढिले होणे, बँड सुटणे हे नेहमीचेच. दुरुस्तीच्या फेऱ्या धरूनच चालावे.

2003 च्या एका ब्रिटिश तुलनात्मक चाचणीत ट्विन ब्लॉकची सुमारे एक तृतीयांश मुले उपचार अर्धवट सोडून गेली, हर्ब्स्टची साधारण आठातले एक. जबड्यावरचा परिणाम मात्र जवळपास सारखाच. दोन्हींत बरीचशी सुधारणा दात सरकल्यामुळे होते आणि खालचे पुढचे दात बाहेर कलतात. ते आधीच कललेले असतील तर जपून.

सुरुवात कायमच्या दातांचा संच पुरा होत आलेला असताना, वाढीच्या उसळीच्या सुमारास करावी. आठव्या-नवव्या वर्षी घाई केल्याने अंतिम निकाल सुधारत नाही. पुढे आलेले दात पडण्या-धडपडण्यात तुटण्याचा धोका तेवढा घटतो. खालचाच जबडा पुढे असेल तर ही उपकरणे निरुपयोगी. तिथे फेसमास्क (चेहऱ्यावर बाहेरून बसणारे, वरचा जबडा पुढे ओढणारे उपकरण) लागतो, आणि तो लवकर.