पायडल मारताना येणारी करकर : बीबी बदलण्यापूर्वी काय तपासावे

सन्माननीय ग्राहक,

चढावर जोर लावला की बॉटम ब्रॅकेटमधून, म्हणजे बीबीमधून (पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात, त्याच्या फ्रेमच्या तळातील बेअरिंगच्या भागातून), करकर ऐकू येते, ही तक्रार पावसाळा सरता सरता आमच्याकडे वारंवार येते, आणि बहुतेक ग्राहक ‘बीबी बदलून द्या’ असे सांगूनच सायकल आणतात. आवाजाचे मूळ सापडेपर्यंत कोणताही भाग बदलून घेऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. फ्रेमच्या नळ्या पोकळ असल्यामुळे सीटपोस्टमध्ये (सीटच्या दांड्यामध्ये) किंवा मागच्या चाकाच्या एक्सलपाशी (आसापाशी) निर्माण झालेला आवाजही पायांखालूनच आल्यासारखा वाटतो.

पाना हाती घेण्याआधी आवाज कधी येतो आणि कधी थांबतो, याकडे लक्ष द्यावे. सीटवरून उठून पायडल मारल्यावर करकर थांबत असेल, तर सीटपोस्ट काढून पुसावा, त्याला ग्रीस लावावे (कार्बनचा असल्यास ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट) आणि सीटच्या खालच्या दोन सळ्यांची पकडही पाहावी. पायडल न मारता सायकल नुसती पळत असतानाही आवाज येत असेल, तर बीबीवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही. एकाच पायाने जोर दिल्यावर आवाज येत असेल, तर त्या बाजूचे पायडल काढून आटे स्वच्छ करावेत आणि ग्रीस लावून ते पुन्हा घट्ट बसवावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे मात्र विसरू नये. चेनरिंगचे (पायडलजवळच्या दातेरी चक्राचे) बोल्ट, मागच्या चाकाचा क्विक रिलीज (चाक चटकन सोडवण्याचा खटका) आणि गिअर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा) यांची तपासणीही याच वेळी उरकावी. जुन्या काळ्या सायकलींमध्ये क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, कॉटर पिनने (पाचरीसारख्या खिळीने) बसवलेला असतो आणि ती पिन झिजली की प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो.

एवढे करूनही करकर राहिली, तर बीबीकडे वळावे. चेनरिंगवरून साखळी उतरवून ठेवावी, दोन्ही क्रँक हातांत धरून ते फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवून पाहावेत, आणि मग एक हात सीटखालच्या नळीवर ठेवून दुसऱ्या हाताने क्रँक सावकाश फिरवावा. क्रँक हलताना खडखड जाणवली, किंवा बेअरिंगची खरखर नळीतून तळहाताला लागली, तर बेअरिंग संपले आहे किंवा क्रँक सैल आहे. पण क्रँक लोण्यासारखा फिरत असूनही केवळ जोर लावल्यावर करकर येत असेल, तर दोष बहुधा बेअरिंगचा नसतो. कप (फ्रेममध्ये बसणारे बीबीचे दोन्ही टोकांचे वाटीसारखे भाग) आणि फ्रेम यांच्यामधील ग्रीस पावसाच्या पाण्याने धुऊन गेलेले असते, आणि ते दोन कोरडे पृष्ठभाग जोराखाली एकमेकांवर किंचित सरकत असतात. अशा वेळी तोच बीबी काढून, आटे पुसून, ग्रीस लावून बसवला की पुरते. ६८ मिलिमीटर रुंदीच्या प्रचलित इंग्लिश आट्याच्या बीबीमध्ये उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, त्यामुळे तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. शिमानो कंपनीचे, बेअरिंग फ्रेमच्या बाहेर असलेले कप ३५ ते ५० न्यूटन-मीटर इतके घट्ट करायचे असतात, आणि ते अंदाजाने न करता टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला हे दाखवणाऱ्या पान्याने) करावे.

प्रेस-फिट बीबीला आटे नसतात. तो फ्रेममध्ये दाबून बसवलेला असतो, आणि फ्रेमचे छिद्र अचूक गोल किंवा सरळ रेषेत नसेल, तर नवा बीबी घालूनही करकर परत येते. हे काम हातोडीने घरी मुळीच करू नये. त्याचप्रमाणे आवाज थांबावा म्हणून बाहेरून पातळ तेल फवारू नये. आवाज काही काळ थांबतो खरा, पण ते तेल आतले उरलेसुरले ग्रीस पातळ करून टाकते.

सायकल आमच्याकडे आणताना आपण नेहमी वापरता तेच पायडल आणि बूट सोबत असावेत, आणि आवाज कोणत्या गिअरवर, बसून की उभ्याने, ओल्या दिवसांत की कोरड्या, हे अवश्य सांगावे. आम्ही प्रथम सायकल चालवून पाहतो, आणि दोष इतरत्र आढळल्यास बीबी उघडत नाही. बीबी बदलावाच लागला, तर काढलेला भाग आपल्या हाती दिला जाईल, म्हणजे त्याचे बेअरिंग बोटाने फिरवून आपल्याला स्वतः खात्री करून घेता येईल.