सॉरी, पार्डन, एक्सक्यूज मी

चूक झाल्यावर दिलगिरी व्यक्त करण्यासाठी किंवा नीट ऐकू न आलेले बोलणे पुन्हा विचारण्यासाठी वापरले जाणारे इंग्रजीतील शिष्टाचाराचे शब्द. बहुतेकदा एकच शब्द दोन्ही कामे करतो. कोणते ते स्वर ठरवतो. ‘सॉरी’ उतरत्या स्वरात आले की माफी, शेवटी स्वर चढला की ‘काय म्हणालात?’ ‘आय बेग युअर पार्डन’चेही तसेच. मात्र ते करड्या आवाजात आले, तर बोलणारा दुखावला आहे असे समजावे.

मराठी माणूस अडखळतो तो इथे. मराठीत मान क्रियापदात असतो. ‘म्हणालास’ आणि ‘म्हणालात’ यांत फरक एका अक्षराचा, पण आदर राखायला तेवढा पुरतो, वेगळे ‘कृपया’ लागत नाही. आजच्या प्रमाण इंग्रजीत तू-तुम्ही हा भेद उरलेला नाही, त्यामुळे तो मान ‘सॉरी’, ‘प्लीज’, ‘कुड यू’ अशा सुट्या शब्दांवर येऊन पडतो. ते गाळून ‘काय?’चे नुसते ‘व्हॉट?’ केले, की मनात नसलेला उद्धटपणा ऐकणाऱ्याला जाणवतो. ‘रिपीट’ एवढेच म्हटले तर तो हुकूम वाटतो.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. निफाड-दिंडोरीची द्राक्षे नेदरलँड्स, ब्रिटनला जातात. अशा व्यवहारात फोनवर ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ हे कळले नाही, तर संकोचाने ‘यस, यस’ म्हणणे महागात पडते. सगळे पुन्हा सांगायला लावण्यापेक्षा अडलेला शब्दच विचारावा : ‘सॉरी, डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी?’ यात आपण बाकीचे लक्ष देऊन ऐकले, हेही समोरच्याला कळते. अर्थच कळला नसेल तर ‘आय अ‍ॅम नॉट शुअर आय अंडरस्टँड’ म्हणावे. दोष आपल्याकडे घेतला की समोरचा खुलासा मोकळेपणाने करतो.

‘सॉरी’ जुन्या इंग्रजीतील वेदनावाचक शब्दापासून आला, ‘पार्डन’ फ्रेंचमधून. भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस यांनी 1954 मध्ये नोंदवले, की इंग्लंडमधील उच्चवर्गीय ‘पार्डन’ टाळतात आणि चक्क ‘व्हॉट?’ म्हणतात. आपण त्या वर्गभेदात शिरू नये, ‘सॉरी?’ सगळीकडे चालते. ‘एक्सक्यूज मी’ ब्रिटनमध्ये मुख्यतः लक्ष वेधण्यासाठी, अमेरिकेत धक्का लागल्यावरही. भारतात रुळलेले ‘कम अगेन?’ मित्रांत ठीक, मुलाखतीत नको.

यांपैकी ‘सॉरी’ मराठीने पुरते आपलेसे केले आहे. ‘सॉरी हं’ असे त्याला आपले शेपूटही लागले. ‘एक्सक्यूज मी’ तितके रुजले नाही. नाशिकच्या रविवार कारंजावर रस्ता विचारताना ‘दादा, जरा सांगता का’ यातच सगळे येते. आणि घरात थोरल्यांना पाय लागला, तर ‘सॉरी’ तोंडातून निघेपर्यंत हात नमस्कारासाठी पुढे गेलेला असतो.